संगणकाचा फासा आणि त्याची वजाबाकी

व्यूहरचनेच्या खेळात हरलेल्या खेळाडूची एक ठरलेली तक्रार असते : संगणक फासे आपल्याच बाजूने पाडून घेतो. २००३ साली सुरू झालेल्या आणि आजही विनामूल्य मिळणाऱ्या ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या खेळाच्या वाट्याला ती फार आली आहे. वास्तविक वार लागण्याची शक्यता तेथे दोन्ही बाजूंना एकाच नियमाने ठरते, आणि ६० टक्के शक्यतेचे तीन वार ओळीने हुकणे शंभरात सुमारे सहा वेळा घडणारच. त्यात संगणकाचा कावा शोधणे म्हणजे मांजर आडवे गेल्यामुळे पेपर अवघड गेला, असे म्हणण्यासारखे आहे.

नवा सिनॅरिओ, म्हणजे खेळातली एक लढाई, रचणाऱ्याला संगणक तुल्यबळ करायचा असेल, तर सोपा मार्ग म्हणजे त्याला सैनिक विकत घेण्यासाठी जादा सोने देणे. त्याने शत्रूची संख्या वाढते, अक्कल वाढत नाही. खेळाडू डोंगरावर ठाण मांडून एकेकाला टिपत बसतो. त्यापेक्षा संगणक हल्ल्याचा निर्णय कसा घेतो, हे पाहणे अधिक उपयोगी आहे.

प्रत्येक संभाव्य हल्ल्याला तो गुण देतो. शत्रू मरण्याची शक्यता गुणिले शत्रूची किंमत, त्यातून आपली सरासरी हानी वजा; मात्र ही हानी आधी ‘१ वजा आक्रमकता’ या संख्येने गुणलेली असते. आक्रमकता हा सिनॅरिओ रचणाऱ्याला बदलता येणारा आकडा. समजा, १२ सोन्यांचा ऑर्क (खेळातल्या राक्षसी जमातीचा सैनिक) १४ सोन्यांच्या भालाइतावर चालून जाणार आहे, भालाईत मरण्याची शक्यता ३० टक्के आणि ऑर्क मरण्याची ५० टक्के आहे. लाभ ४.२, हानी ६. आक्रमकता मूळच्या ०.४ वर असेल, तर ४.२ वजा ३.६, म्हणजे ०.६ उरतात आणि हल्ल्याचे पारडे जड होते. ती शून्य केली की उत्तर उणे १.८ येते आणि तोच ऑर्क हल्ला टाळतो. जमीन, पाठबळ आणि आधीच्या जखमा यांच्या दुरुस्त्या यावर चढतात, पण गाभा हाच.

आता खरी गंमत अशी की हा आकडा प्रहरानुसार बदलता येतो. ऑर्क रात्री २५ टक्के अधिक आणि दिवसा २५ टक्के कमी इजा करतात. म्हणून रात्रीच्या दोन प्रहरांत आक्रमकता १ आणि दिवसा शून्य ठेवली, तर एक पैचेही जादा सोने न देता तीच फौज उजाडल्यावर हात राखून लढते आणि अंधारात तुटून पडते. हल्ली ज्यावर त्यावर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ अशी चिठ्ठी लागते. येथे दिसणारी हुशारी मात्र सिनॅरिओ रचणाऱ्याची आहे.

एक कच्चा दुवा तरीही उरतो. संगणकाच्या सेनापतीला खेटून उभ्या असलेल्या शत्रूवरील हल्ल्यासाठी आक्रमकता आपोआप १ धरली जाते आणि गुण पाचपट होतात, त्यामुळे एखादा घोडेस्वार तेथवर पोहोचला की आवाक्यातली सगळी फौज आघाडी सोडून त्याच्यावर धावते. यावर उपाय म्हणजे जागा न सोडणारे दोनतीन पहारेकरी सेनापतीच्या वाटेवर उभे करणे, कारण शत्रूला लागून असलेल्या घरात शिरताच बहुतेक सैनिकांची त्या खेपेची चाल संपते.