दोन भोकांचं कवच नेमकं कुणाचं?

सोलापुरात कुठेही विहीर खणा, मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हा. त्यात समुद्री जीवाश्म शोधण्यात हशील नाही. कायटन हा समुद्री प्राणी पाहायचा तर सोलापूरकराने कोकणच गाठायला हवं. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांना तो घट्ट चिकटून असतो: चपटा, लंबगोल, आणि पाठीवर ओळीने आठ कवचं, कौलांसारखी एकमेकांवर चढलेली. (आपल्याकडची जुनी घरं धाब्याची, पण कौलं कुणाला ठाऊक नाहीत?)

हा प्राणी गोगलगाय-शिंपल्यांच्या नात्यातला, म्हणजे मृदुकाय. मेल्यावर मांस कुजतं आणि आठही कवचं सुटी होऊन पांगतात. त्यामुळे जीवाश्म मिळतो तो बहुधा एकेका कवचाचा, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सुटं कवच हातात आलं की ते उलटं करून पाहावं. वरचा थर टेग्मेंटम. त्यात बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यांतून संवेदी अवयव पृष्ठभागापर्यंत पोचतात. त्याखालचा टणक थर आर्टिक्युलामेंटम. त्याचे दोन पातळ पंख पुढे निघून पुढच्या कवचाखाली सरकतात. डोक्याकडच्या कवचाला हे पंख नसतात, कारण त्याच्यापुढे कुणीच नाही. आजच्या सगळ्या कायटनांत हा थर असतो. अतिप्राचीन कवचांत तो आढळत नाही, म्हणून त्यांचा पॅलिओलोरिकाटा हा वेगळा गट मानला गेला.

त्यातलाच मॅथेव्हिया, सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वीचा. जीवाश्मतज्ज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांनी १८८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कवचांवरून त्याचं वर्णन केलं आणि त्याला पोहणाऱ्या गोगलगायींत बसवलं. कवच जाड, उंच, शंकूसारखं. खालच्या अंगाला दोन खोल भोकं. ही भोकंच सगळ्यांना चकवत राहिली. १९६६ साली एलिस योकल्सन यांनी तर दोन कवचांचा प्राणी कल्पून त्याच्यासाठी मृदुकायांचा अख्खा नवा वर्गच सुचवला! दोन भोकांसाठी हे जरा जास्तच झालं, असं मला वाटतं; पण हाती तुटपुंजं साहित्य असताना दुसरं काय करणार?

उलगडा झाला तो भोकांकडे पाहून नव्हे, तर कवचांच्या आकारांकडे पाहून. ब्रूस रनेगर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली विस्कॉन्सिनमधले नमुने अभ्यासले, तेव्हा कवचं तीन तऱ्हांची दिसली: डोक्याकडची, मधली आणि शेपटाकडची. अशी मांडणी कायटनाचीच.

तरी वाद पुरता मिटला नाही. २०१२ साली इंग्लंडमधल्या कुलिंड्रोप्लॅक्स या सिल्युरियन काळातल्या (सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या) जीवाश्माचं वर्णन आलं. पाठीवर कायटनासारखी सात कवचं, अंग मात्र अळीसारखं लांबोळकं. तसं अंग असणारे बिनकवचाचे मृदुकाय आजही समुद्रात आहेत. म्हणजे पॅलिओलोरिकाटामधली काही सुटी कवचं कायटनांच्या पूर्वजांची नसून या अळीसारख्यांच्या पूर्वजांचीही असू शकतात.