बदकाच्या पोटातला साधा व्हायरस शेडमध्ये येऊन एवढा का बिघडतो?

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला बदकं उतरली की आमच्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, परदेशी पक्षी आले, बर्ड फ्लू आला. माझ्या मावसभावाचं सिन्नरकडे पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, त्यानेही परवा तेच विचारलं. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला फार भारी वाटतं म्हणून लिहितोय.

रानबदकांच्या आतड्यात इन्फ्लुएंझाचे, म्हणजे फ्लूचे व्हायरस नेहमीच आढळतात आणि बहुतेक वेळा बदकाला काही होत नाही. व्हायरसच्या अंगावर हिमॅग्लुटिनिनचे काटे असतात, बर्ड फ्लूच्या एच५एन१ या नावातला एच तो हाच. काटा तयार होतो तेव्हा अखंड असतो, आणि एका ठरावीक जागी तो कापला गेल्याशिवाय व्हायरसला पेशीत शिरून काही करता येत नाही. गंमत म्हणजे कापायची कात्री व्हायरसकडे नसतेच, ती कोंबडीची असते! सौम्य व्हायरसमध्ये त्या जागी सहसा एकच आर्जिनिन (प्रथिनाच्या माळेतला एक मणी, म्हणजे अमिनो आम्ल) असतं, ते ओळखून कापणारी ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स, म्हणजे ती कात्री, मुख्यतः श्वासनलिकेत आणि आतड्यात मिळतात, म्हणून आजार तिथेच अडकून राहतो, थोडी घरघर, अंडी जरा कमी.

आता व्हायरसचं जनुक आरएनएचं, आणि त्याची नक्कल काढणारं एन्झाइम लिहिलेलं परत तपासत नाही. एच५ आणि एच७ या काट्याच्या दोन प्रकारांत कापायच्या जागेचा कोड ए आणि जी या अक्षरांनी भरलेला असतो, तिथे हे एन्झाइम अडखळतं आणि तीच अक्षरं परत लिहून जातं. एएए म्हणजे लायसिन (असाच दुसरा मणी), एजीए म्हणजे आर्जिनिन, म्हणजे अडखळून वाढणार तेही हेच. असे चार-पाच मणी ओळीने लागले की फ्युरिन नावाची दुसरी कात्री चालते, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं, मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या, सगळीकडे. मग तुरा निळा पडतो आणि दोन-तीन दिवसांत शेडच्या शेड आडवं होतं.

तळ्यावर असा जहाल व्हायरस निघाला तर पक्षी लवकर मरतो आणि व्हायरसही बऱ्याचदा तिथेच संपतो. शेडमध्ये चौरस फुटाला एक पक्षी, सगळे एका वयाचे, एका जातीचे, विष्ठा तुसात आणि तेच तूस उकरून टिपायचं, एक मेला तरी शेजारी दुसरा तयारच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९८३ च्या एप्रिलमध्ये आलेला सौम्य एच५एन२ ऑक्टोबरपर्यंत जहाल झाला, पावणेदोन कोटींच्या आसपास पक्षी गेले. तिथे मात्र काट्यावरचं साखरेचं एक झाकण गळून कापायची जागा उघडी पडली होती, म्हणजे वाट वेगळी, परिणाम तोच. १९९६ ला चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसांत सापडलेला जहाल एच५एन१ पुढे रानपक्ष्यांतही शिरला, त्याच घराण्यातला व्हायरस २००६ ला आपल्या नवापूरला आला, म्हणून बदकांवर लक्ष ठेवायचंच, पण शेडमध्ये तो सहसा बदकासोबत उडून येत नाही, बुटाला, ट्रेला, गाडीच्या टायरला लागून येतो.

२०२० ला चिकनने कोरोना होतो या अफवेने पक्षी कवडीमोल गेले, शास्त्र कोणी विचारलंच नाही. भावाच्या शेडला बिब्बा-मिरची दर शनिवारी नवी लागते, पण दारातल्या पाय बुडवायच्या टबातलं औषध आठवड्याचं शिळं, वर तूस तरंगत होतं. बिब्ब्याने व्हायरस अडत नाही रे, हा टब अडवतो, असं त्याला सांगितलं. मग दोघांनी टब घासला, ताजं औषध ओतलं आणि फीडची गाडी आली तेव्हा ड्रायव्हरलाही आधी त्यातच पाय बुडवायला लावले.