लीड्सचे दोन टील: पाय कापणारा बाप आणि गटारं उकरणारा मुलगा

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, इथे मात्र बापाचंच नाव सरळ मुलाला दिलेलं, त्यात दोघेही सर्जन, दोघेही इंग्लंडमधल्या लीड्स शहराचे, दोघेही तिथल्या एकाच इन्फर्मरीत (म्हणजे हॉस्पिटलात) आणि कहर म्हणजे दोघेही रॉयल सोसायटी या नावाजलेल्या विज्ञानसंस्थेचे फेलो, मग गोंधळ होणार नाही तर काय. थॉमस प्रिजिन टील, थोरला १८०० ते १८६७, धाकटा १८३१ ते १९२३. (आजोबासुद्धा थॉमस टील आणि सर्जनच, पण त्यांना इथे नको आणायला, आधीच कमी घोळ नाहीये.)

थोरल्याचं नाव ऑपरेशन टेबलशी जोडलेलं. १८३१ साली लीड्सचं मेडिकल स्कूल काढणाऱ्यांमध्ये तो होता, हर्नियावर त्याचं जाडजूड पुस्तक आहे, पण त्याला ओळखतात ते १८५८ च्या पाय कापायच्या पद्धतीमुळे. तेव्हा प्रॉब्लेम असा असायचा की पाय कापून जखम भरली तरी व्रण नेमका हाडाच्या टोकावर यायचा, मग लाकडी पाय लावला की जीव जायचा. टीलने काय केलं, पुढच्या बाजूने मांसाचा एक लांब चौकोनी तुकडा ठेवला, लांबी आणि रुंदी दोन्ही त्या जागच्या घेराच्या निम्मी, आणि मागच्या बाजूला त्याच्या फक्त एक चतुर्थांश लांबीचा छोटा तुकडा. मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा त्या मागच्या छोट्या तुकड्यात. मग पुढचा लांब तुकडा हाडावरून मागे दुमडून शिवायचा, म्हणजे टोकावर मऊ गादी आणि टाके मागे सरकलेले. कागदावर मोजून काढल्यासारखं काम आहे हे, आणि मला तरी बापाचं हेच सगळ्यात भारी वाटतं.

१८६४ साली बाप इन्फर्मरीतून बाहेर पडला आणि त्याच वर्षी मुलगा सर्जन म्हणून आत आला. त्यामुळे त्या काळातलं काही वाचताना नुसतं ‘मिस्टर टील’ दिसलं तर आधी साल बघायचं. आणि हो, मोतीबिंदूचा मऊ गर नळीने तोंडाने ओढून काढायची आयडिया वाचलीत तर ती धाकट्याची, बापाची नाही.

पण धाकटा खरा गाजला तो संडास, मोऱ्या आणि पाइपांमुळे. लीड्सच्या सर्जनने घाणीत लक्ष घालायची ही काही पहिली वेळ नव्हती, १८३२ च्या कॉलऱ्यात तिथे ७०० च्या वर माणसं गेली तेव्हा रॉबर्ट बेकर नावाच्या सर्जनने रोग कुठे पसरला त्याचा नकाशाच काढला होता. फरक एवढाच की बेकर गरिबांच्या वस्त्यांमध्ये फिरला आणि टीलने बोट ठेवलं ते खात्यापित्या लोकांच्या बंगल्यांवर. १८७८ साली त्याने घरातल्या ड्रेनेजच्या चुकांचं चित्रांचं पुस्तक काढलं. त्यातल्या एका चित्रात घर मधोमध उभं चिरून दाखवलंय आणि त्यात एकही गोष्ट धड नाही: संडास घराच्या मध्यभागी, बेसिनचा पाइप ट्रॅप न लावता थेट मैल्याच्या पाइपात (आपल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साठून वास अडतो ना, तेच तिथे नाही), जमिनीखाली सांधे न भरलेलं गळकं गटार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या टाकीचा ओव्हरफ्लोसुद्धा मैल्याच्याच पाइपात आणि त्याच टाकीचं पाणी घरात प्यायला.

देशातली अधूनमधून उद्भवणारी निदान एक तृतीयांश आजारपणं ड्रेनेजच्या दोषांमुळे होतात असं त्याचं मत होतं. आता थिअरी म्हणून बघितलं तर हे अर्धवटच, कारण गटारातल्या हवेने टायफॉइड होतो ही त्या काळची समजूत चुकीची निघाली, तो पसरतो दूषित पाण्यातून आणि अन्नातून. पण गळकं गटार बुजवा, टाकी आणि मैल्याचा पाइप वेगळा करा, हे त्याचे उपाय मात्र बरोबर होते, म्हणजे कारण चुकलं तरी काम झालं. लोक तेव्हा घाबरलेले होतेच, १८७१ साली खुद्द ब्रिटनच्या युवराजाला टायफॉइड झाला होता आणि यॉर्कशरमधल्या ज्या बंगल्यात तो आधी उतरला होता तिथल्या ड्रेनेजवर खापर फुटलं होतं. पुढे १८८६ साली याच पुस्तकाचं जर्मन भाषांतर आलं, ते त्याच युवराजाच्या बहिणीने, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची मुलगी हेलेना हिने केलेलं. तिचे वडील प्रिन्स अल्बर्ट १८६१ साली टायफॉइडनेच गेले असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा तिला हा विषय परका नसणार.

ड्रेनेज झाल्यावर धाकटा वळला शेकोटीकडे (म्हणजे घरातल्या फायरप्लेसकडे), घरातल्या आगीत कोळसा कमी कसा जाळायचा यावर त्याने लिहिलं आणि त्याच्या नावाची शेकोटीही निघाली. तेव्हा ‘टील शेकोटी’ असं कुठे सापडलं तर ती मुलाचीच, बापाला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.