दवाखान्यात बुरशी येते कुठून?

आमच्या मामांना न्यूमोनिया झाला म्हणून यवतमाळकडच्या गावातून नागपूरला नेलं, व्हेंटिलेटरवर टाकलं, मानेच्या शिरेत नळी, लघवीची नळी, सगळं लावलं आणि बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले रक्तात कँडिडा नावाची बुरशी आली. मामी म्हणे, "काचेच्या खोलीत बुरशी काऊन लागली बाप्पा?"

तर ही गोष्ट आयसीयूइतकीच जुनी आहे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट, तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि मेडिकलची शेकडो पोरं पाळ्या लावून हाताने रबरी पिशवी दाबत बसली. तिथून पुढे आयसीयू सुरू झाले. जे पेशंट पूर्वी दोन दिवसांत जायचे ते आता महिनाभर नळ्यांवर जगायला लागले, आणि बुरशीला तेवढा वेळ पुरतो.

कँडिडा बाहेरून यावीच लागते असं नाही, ती आपल्या तोंडात, आतड्यात असतेच. कपाशीवर जहाल फवारणी केली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते ना, तसंच भारी अँटिबायोटिकने चांगले जिवाणू मेले की हिला रान मोकळं. मानेतल्या नळीवर ती चिकट थर करून बसते, त्यात औषध नीट शिरत नाही. (व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या बेडक्यात कँडिडा निघाली तर बहुतेकदा ती नुसती बसलेली असते, रक्तात निघाली तर मात्र गंभीर.)

त्यात 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात कँडिडा ऑरिस सापडली, काही वर्षांत दिल्लीच्या दवाखान्यांतूनही रिपोर्ट झाली. ही पलंगाच्या कठड्यावर आठवडे टिकते, हातांवरून पसरते आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला सहसा दाद देत नाही. 2021 मधली काळी बुरशी वेगळी, ती म्यूकर, तिच्यामागे मुख्यतः शुगर आणि स्टेरॉइड. तेव्हा तिच्यावरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक वणवण फिरले आणि आपल्या वर्ध्यात ते इंजेक्शन बनायला लागलं.

मामांची नळी त्याच संध्याकाळी काढली, दुसऱ्या बाजूला नवीन टाकली, कॅस्पोफंजिन हे बुरशीचं औषध सुरू केलं, आणि रक्त साफ आल्यावरही चौदा दिवस चालू ठेवलं. तेवढ्यात कापसाची वेचणी सुटली.