इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत का झाली?

सरदार या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दाच्या आरंभी ‘के’ आणि पोटात ‘जीएच’ कशासाठी, हा प्रश्न मराठी शाळांतल्या प्रत्येक पिढीला पडतो आणि ‘ती अक्षरे सायलेंट आहेत’ एवढ्यावर मिटवला जातो. वास्तविक ती अक्षरे शोभेची नव्हती. चौदाव्या शतकातील इंग्रज हा शब्द साधारणपणे ‘क्निख्त’ असा उच्चारत असे.

इंग्रजी ही मूळची जर्मन कुळातली, संस्कृतप्रमाणेच विभक्तिप्रत्ययांनी लगडलेली भाषा. नवव्या शतकापासून ईशान्य इंग्लंडमध्ये वसलेल्या डेनिश लोकांची बोली तिला इतकी जवळची होती की ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामेसुद्धा, जी कोणतीही भाषा सहसा उसनी घेत नाही, तिकडून आली. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारी कारभार लॅटिन-फ्रेंचमध्ये गेल्याने इंग्रजी लेखनाला एक वळण लावणारे केंद्र उरले नाही आणि जो तो आपापल्या बोलीप्रमाणे लिहू लागला.

१४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढणाऱ्या विल्यम कॅक्स्टनसमोर हाच पेच होता. १४९० च्या एका प्रस्तावनेत तो सांगतो की वारा पडल्याने किनाऱ्यावर थांबलेल्या एका व्यापाऱ्याने तिथल्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली, तेव्हा ‘मला फ्रेंच येत नाही’ असे ती म्हणाली. फ्रेंच येत नसलेला व्यापारी साहजिकच संतापला. दुसऱ्याने ‘आयरेन’ म्हटल्यावर त्यांना अंडी हवी आहेत हे तिला कळले. पहिला शब्द डेनिशांच्या कुळातला, दुसरा जुन्या इंग्रजीतला, छापायचा कोणता?

छपाईने हळूहळू स्पेलिंग बांधून टाकले, पण नेमक्या त्याच काळात, म्हणजे अंदाजे १४०० ते १७०० दरम्यान, दीर्घ स्वर आपली जागा सोडत होते: ‘हूस’चा ‘हाउस’ होत होता, ‘टीम’सारखा उच्चारला जाणारा शब्द ‘टाइम’ होत होता. या स्वरांतराच्या कारणांवर अभ्यासकांचे एकमत नाही. १३४८ च्या प्लेगनंतर लंडनमध्ये झालेली बोलींची सरमिसळ हे एक कारण सांगितले जाते.

सगळा दोष मात्र काळाचा नाही. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता, लॅटिन ‘डेबिटम’शी त्याचे नाते दिसावे म्हणून पंडितांनी तो ‘बी’ मुद्दाम घुसवला, सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने तो कायम ठेवला, आणि बोलण्यात तो कधी रुजलाच नाही.