बलरेषा मोजणारी सममिती

२०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून एलके-९९ हा पदार्थ नेहमीच्या तापमानालाही अतिसंवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) असल्याची बातमी आली आणि चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या काळ्या खड्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. तो अतिसंवाहक नाही, हे काही आठवड्यांत स्पष्ट झालं. ‘तरंगला म्हणजे अतिसंवाहक’ हा गैरसमज मात्र मागे राहिला.

मग अतिसंवाहक ही वेगळी अवस्था ठरते कशावरून? १९३७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊ यांनी सांगितलं, की अवस्था बदलताना सममिती (बदल करूनही चित्र तसंच राहणं) भंगते. द्रवात सगळ्या जागा सारख्या असतात, स्फटिकात नसतात. अतिसंवाहकात ‘गेज सममिती भंगते’ असं पुस्तकांत असतं, पण गेज सममिती, म्हणजे एकच भौतिक स्थिती वेगवेगळ्या गणिती रूपांत लिहिता येणं, ही मांडणीची सोय आहे. ती आपोआप भंगूच शकत नाही, हे एलिट्झूर यांनी १९७५ मध्ये दाखवलं.

वाट सापडली ती २०१४ मध्ये, गायोटो, कापुस्टिन, सायबर्ग आणि विलेट यांच्या कामात. नेहमीची सममिती कण मोजते. त्यांनी रेषा मोजणाऱ्या सममितींची पद्धतशीर मांडणी केली. चुंबकीय बलरेषेला टोक नसतं, कारण सुटा उत्तर ध्रुव आजवर सापडलेला नाही. तारेच्या कड्यावर साबणाचा पडदा धरा आणि हवा तसा फुगवा. कडं स्थिर असेल तर पडद्यातून जाणाऱ्या रेषांचा हिशेब बदलत नाही. हा न बदलणारा हिशेब हीच इथली सममिती.

निर्वात पोकळीत या रेषा मोकळ्या पसरतात. म्हणून तिथे ही सममिती भंगलेली असते. सलग (कितीही लहान टप्प्यांनी बदल करता येणारी) सममिती भंगली की वस्तुमान नसलेली लहर जन्मते, आणि इथे ती लहर म्हणजे प्रकाश! मला हे अजूनही अद्भुत वाटतं. (‘क्वांटम’ चुंबकीय ब्रेसलेट विकणाऱ्यांच्या भूलथापांत यातलं काहीच नसतं.)

नायोबियम हा धातू अतिसंवाहक झाला की चित्र उलटतं. चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागापासून सुमारे ४० नॅनोमीटर आतच विरतं. जोर लावला तर रेषा बारीक नळ्यांत कोंबल्या जातात. प्रत्येक नळीत ठरलेलाच फ्लक्स (आतून जाणाऱ्या बलरेषांचं एकूण प्रमाण) असतो: प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराची दुप्पट. नळीची लांबी दुप्पट, तर ऊर्जाही दुप्पट. लांब रेषा आता महाग पडते. म्हणून सममिती भंगलेली राहत नाही आणि आतल्या फोटॉनला (प्रकाशाच्या कणाला) जणू वस्तुमान येतं.

प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते क्वार्क सुटे का निघत नाहीत, याचं भौतिकशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९७४ मध्ये केलेलं वर्णनही याच भाषेत बसतं. तिथे नळी विद्युत प्रकारच्या रेषांची असते. फक्त, खऱ्या जगात क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी निर्माण होऊन ती नळी मधेच तुटू शकते. रेषेला टोक मिळतं, म्हणून तिथे ही सममिती काटेकोर उरत नाही.