भिशी (ठाणे आणि नवी मुंबई)

भिशी : ओळखीतल्या माणसांनी दरमहा सारखी रक्कम काढायची आणि जमलेली सगळी रक्कम दर महिन्याला एकाच्या हाती द्यायची, ही घरगुती बचतीची पद्धत. जितके सभासद तितके महिने ती चालते आणि प्रत्येकाचा नंबर एकदाच लागतो. ठाणे-नवी मुंबईत चाळी, गृहसंकुले, शाळांच्या स्टाफरूम, वागळे इस्टेटमधले कारखाने, इतकेच काय लोकलच्या लेडीज डब्यातही भिशी चालते. पगार हातात पडला की तो खर्च होण्याआधी हप्ता निघावा, म्हणून तारीख बहुधा ७ ते १० यांच्या दरम्यान धरतात.

बारा जणींची दोन हजारांची भिशी घेऊ. दरमहा २४,००० रुपये जमतात. पहिली भिशी बहुतेक ठिकाणी चालवणारीची असते. हिशेब ठेवणे, आठवण करणे, एखादीचा हप्ता अडला तर पदरचे घालणे, या कष्टांचा तो मोबदला. पुढचे नंबर चिठ्ठ्या टाकून निघतात. कुणाच्या घरी लग्न किंवा आजारपण असेल तर दुसरी आपला नंबर बदलून देते.

व्याज कुणीच घेत नाही, तरी नंबराप्रमाणे फायदा बदलतो. पहिल्या महिन्यात भिशी उचलणारीला तिच्या पुढच्या अकरा हप्त्यांचे, म्हणजे २२,००० रुपये बिनव्याजी आगाऊ मिळाले. हेच कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी काढले असते, तर साधारण १,३२० रुपये व्याज गेले असते. शेवटच्या नंबरवालीने मात्र वर्षभर पैसे दुसऱ्यांना वापरू दिले. बँकेच्या आवर्ती ठेवीत सहा टक्क्यांनी तिला पावणेआठशेच्या आसपास व्याज सुटले असते. एवढ्यावरून भिशीला तोट्याचा व्यवहार म्हणणे घाईचे होईल. आवर्ती ठेव कुणालाही न सांगता मोडता येते. भिशीचा हप्ता चुकवायचा तर अकरा जणींना तोंड दाखवावे लागते. शिवाय घरात कुणी उसने मागितले, तर ‘भिशीला जायचेत’ एवढे सांगून बाईला नाही म्हणता येते. ज्या घरात तिच्या हातात पैसा टिकू दिला जात नाही, तिथे ही सोय पावणेआठशे रुपयांपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

जूनमधली शाळेची फी, गणपती, सोसायटीचे वार्षिक देणे असे तारीख माहीत असलेले खर्च भिशीतून छान भागतात. अचानक दवाखाना उद्भवला तर मात्र ती कामाची नाही, कारण पैसे गरजेला नव्हे, नंबराला मिळतात. म्हणून तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा असल्याशिवाय मोठ्या रकमेच्या भिशीत शिरू नये.

पश्चिम महाराष्ट्रातल्या भिशीची तऱ्हा वेगळी आहे. तिथे आठवड्याला पैसे जमवून ते सभासदांनाच व्याजाने देतात आणि दिवाळीला भिशी फोडून मुद्दल आणि व्याज वाटून घेतात. मुंबईतला घाऊक बाजार १९८१पासून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आला. त्याच्या आधाराने साताऱ्याकडची आणि जुन्नरकडची बरीच माथाडी कुटुंबे नवी मुंबईत स्थिरावली. त्यामुळे ‘भिशी’ म्हटल्यावर कोपरखैरणेत एकाला आठवते ती नौपाड्यातल्या दुसऱ्याला आठवेलच असे नाही.

खरी जोखीम बोलीच्या भिशीत असते. वीस जण पाच-पाच हजार काढतात, लाख रुपये जमतात. ज्याला जास्त निकड तो ‘वीस हजार सोडतो’ म्हणून ८०,००० उचलतो. सोडलेले २०,००० सगळ्यांत वाटले जातात आणि त्या महिन्याचा हप्ता चार हजारांवर येतो. थांबणाऱ्याला यात चांगली कमाई दिसते. पण एवढी मोठी बोली लावणारा माणूस अडचणीत असतो आणि पुढचे हप्ते त्याच्याच खिशातून यायचे असतात. भिशी बुडते ती इथे.

चिट फंड अधिनियम, १९८२ या दोन प्रकारांत फरक करतो. सगळ्यांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरावेच लागतात, असा व्यवहार त्यातल्या स्पष्टीकरणानुसार ‘चिट’ ठरत नाही. बोलीच्या भिशीला, म्हणजे कायद्याच्या भाषेतल्या चिटला, पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. नोंदणीकृत चिट चालवणाऱ्याच्या कमिशनची मर्यादा २०१९च्या दुरुस्तीने पाच टक्क्यांवरून सात टक्के झाली. बँकेतल्या ठेवींना असते तसले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण भिशीला नाही.

सराफांच्या ‘सोन्याच्या भिशी’ला भिशी म्हणणे चूकच आहे. तिथे सभासद एकमेकांना ओळखत नाहीत. पैसे एका दुकानदाराकडे आगाऊ जमा होतात. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत वळती झाली नाही, तर कंपनी नियमांनुसार ती ठेव ठरते. म्हणून या योजना बहुधा अकरा महिन्यांच्या असतात. ऑक्टोबर २०१९मध्ये ठाणे-डोंबिवली भागातल्या एका मोठ्या सराफी पेढीची दुकाने ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद झाली आणि असे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांचे पैसे अडकले.

आता हप्ते यूपीआयने येतात आणि चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर निघते. त्यामुळे नोंद आपोआप राहते, पण फक्त फोन नंबर ओळखीचा असलेली माणसेही सभासद होऊ लागली आहेत. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचे असल्याने, घोडबंदर रोडसारख्या भागात नवी भाडेकरू भिशीत आली तर तिला शेवटचे नंबर द्यावेत. तिच्यावर संशय नको, पण बाकीच्यांची जबाबदारीही आहे. जुन्या जाणत्या बायका वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घेतात. भिशी उचललेली सभासद वारली तर उरलेले हप्ते घरातले कोण भरणार, आणि न उचललेली वारली तर तिचे पैसे कुणाच्या हाती द्यायचे, ही दोन नावे तिथेच लिहिलेली असतात.